जाब विचारण्याचा हक्क कोणाच्या हाती?



अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस नावाचे शहर आहे. तेथील एका चौकात २५ मे २०२० रोजी डेरेक शॉव्हिन नावाच्या गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा रोवला आणि नऊ मिनिटांहून अधिक काळ तो उचलला नाही. हातांत बेड्या पडलेला, रस्त्यावर पालथा पाडलेला तो माणूस प्राणास मुकला. बघ्यांपैकी एका मुलीने हा प्रकार चित्रित केला म्हणून जगाला तो कळला. शॉव्हिनला पुढे साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. परंतु एका पोलिसास शिक्षा झाल्याने पोलीसखाते सुधारत नाही, हे ओळखून केंद्र सरकारच्या न्यायखात्याने संपूर्ण खात्याची चौकशी आरंभिली. दोन वर्षे ती चालली. जून २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: हे खाते गरज नसता बळाचा वापर करते, आणि कृष्णवर्णीय व तेथील आदिवासी नागरिकांशी पक्षपाताने वागते. ६ जानेवारी २०२५ रोजी शहराने आणि केंद्र सरकारने सुधारणेच्या करारावर सह्या केल्या आणि तो संमतीचा हुकूमनामा म्हणून मंजूर व्हावा यासाठी न्यायालयापुढे ठेवला.

२१ मे २०२५ रोजी त्याच न्यायखात्याने त्याच न्यायालयास विनंती केली की, आमचा दावा काढून टाकावा. फ्लॉइडच्या मृत्यूस पाच वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा चार दिवस उरले होते. न्यायालयाने काही दिवसांतच दावा काढून टाकला.

मधल्या साडेचार महिन्यांत घडले तरी काय? नवी चौकशी झाली नाही. कोणत्या न्यायालयाने जुना अहवाल खोटा ठरविला नाही. नव्या अधिकाऱ्यांनी जुन्या अधिकाऱ्यांची पद्धत सदोष होती असे म्हटले, एवढेच. २० जानेवारीस वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष बदलला होता. वादी तोच, प्रतिवादी तोच, कागद तेच. फक्त वादीच्या खुर्चीत बसणारा पक्ष निराळा.

मिनियापोलिस येथून हजारो मैल दूर आहे, त्याचे आम्हांस काय, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. त्यास माझे उत्तर असे. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी रेट्टमलई श्रीनिवासन यांच्यासह अस्पृश्य वर्गाच्या राजकीय संरक्षणाची योजना सादर केली. समान हक्कांच्या कलमांना आधार म्हणून बाबासाहेबांनी त्या योजनेत जे परदेशी कायदे दाखविले, त्यांत अमेरिकेचे दोन होते: ९ एप्रिल १८६६ चा आणि १ मार्च १८७५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांसाठी केलेले हे कायदे. १९४६ साली तेथील कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी पत्र लिहून त्यांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जाची विचारपूस केली, तीही याच आस्थेपोटी. तेव्हा त्या कायद्यांचे पुढे काय झाले हे पाहणे, ही आपल्या दृष्टीने परक्याच्या घरात डोकावण्याची गोष्ट नाही. आपल्या घराच्या आराखड्यात जी तुळई धरली होती, ती मूळच्या घरात किती टिकली, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.

ती फार टिकली नाही. १८६६ चा कायदा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार मोडून काँग्रेसने संमत केला. त्याच्या दुसऱ्याच कलमात असे होते की, कायद्याच्या किंवा रूढीच्या आडोशाने जो कोणी नागरिकाचा हक्क हिरावून घेईल, तो गुन्हेगार. २० एप्रिल १८७१ रोजी आणखी एक कायदा झाला. कू क्लक्स क्लॅन या बुरखाधारी खुनी टोळीच्या बंदोबस्तासाठी तो केला होता, आणि त्याच्या पहिल्या कलमाने पीडित माणसाच्या हाती एक हत्यार दिले: सरकारी सत्तेच्या आधारे ज्याने तुझा हक्क मोडला, त्याच्यावर तू स्वतः नालिश कर, केंद्राच्या न्यायालयात कर, नुकसानभरपाई वसूल कर. हे हत्यार वाचकांनी लक्षात ठेवावे. या लेखाचा सगळा भार त्याच्यावर आहे.

कायदे झाले, आणि पाठोपाठ ते खिळखिळे करण्यास प्रारंभ झाला. १८७३ साली लुइझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली, त्यांतील अनेकांना तर शरण आल्यावर मारले. ज्या थोड्यांवर दोषारोप सिद्ध झाला, तेही १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक वादात सापडली. निवाड्यासाठी पंधरा जणांचे मंडळ नेमले, त्यात सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती होते. प्रत्येक वादग्रस्त प्रश्नावर कौल पडला आठ विरुद्ध सात, आणि तो काटेकोरपणे पक्षांनुसार पडला. न्यायमूर्तीही आपापल्या पक्षाच्या बाजूस गेले. रिपब्लिकन पक्षाचे हेज राष्ट्राध्यक्ष झाले, आणि दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या रक्षणासाठी उभ्या असलेल्या केंद्राच्या फौजा बराकीत परतल्या. दोन पक्षांच्या तडजोडीत जो मोबदला दिला गेला, तो तिसऱ्याचाच होता. १८८३ साली १८७५ च्या कायद्यातील खाणावळी, आगगाड्या व नाटकगृहे सर्वांना खुली करणारी कलमेही सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली. बाबासाहेबांनी १९३० साली या कायद्यांकडे बोट दाखविले, तेव्हा ते आपल्या जन्मभूमीत जवळजवळ मृतावस्थेत होते. त्यांची कल्पना घ्यावी आणि त्यांची गत टाळावी, हा त्यातील हेतू कोणाही कायद्याच्या विद्यार्थ्यास उमगेल.

आता १८६६ च्या त्या दुसऱ्या कलमाचे पाहा. जॉर्जिया राज्यातील बेकर कौंटी येथे क्लॉड स्क्रूज नावाचा निवडून आलेला शेरीफ होता. जानेवारी १९४३ मध्ये त्याने रॉबर्ट हॉल या कृष्णवर्णीय तरुणास मोटारीचे टायर चोरल्याच्या आरोपाखाली रात्री घरातून पकडून आणले आणि हातांत बेड्या असताना न्यायालयाच्या आवारात आपल्या दोन साथीदारांसह त्याला इतके बडविले की तो मेला. राज्य सरकारने बोटही हलविले नाही. शेवटी केंद्राने १८६६ च्या कायद्यातून उतरलेल्या कलमाखाली खटला भरला आणि ज्यूरीने तिघांना दोषी धरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मूळ कायद्यात नसलेला एक शब्द १९०९ च्या संहितेत त्या कलमात घातला गेला होता: ‘बुद्धिपुरस्सर’. त्या शब्दावर बोट ठेवून न्यायालयाने १९४५ साली सांगितले की, आरोपीने माणसास मारले एवढे पुरे नाही. अमुक एक घटनात्मक हक्क हिरावून घेण्याच्या विशिष्ट उद्देशाने मारले, हे सिद्ध झाले पाहिजे. फेरचौकशी झाली, स्क्रूज सुटला, आणि पुढे राज्याच्या सिनेटवर निवडूनही आला. केंद्रातर्फे पोलिसावर फौजदारी खटला भरावयाचा तर आजही त्याच शब्दाचा डोंगर चढावा लागतो.

फौजदारी मार्ग असा अवघड झाला. आणि तो मुळात सरकारच्या हाती. सरकारी वकिलाने खटला भरला तर भरला. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हा जिल्ह्याचा सरकारी वकील निवडणुकीने येतो. रोजच्या खटल्यांत ज्या पोलिसांच्या साक्षीवर त्याचे यश अवलंबून, त्यांच्यावरच त्याने खटला भरावा, आणि वर पोलिसांच्या संघटनेचा पाठिंबा गमावून पुन्हा निवडून यावे! उरला दिवाणी मार्ग, म्हणजे १८७१ चे हत्यार. ते जवळजवळ नव्वद वर्षे गंजत पडले होते. १९५८ साली शिकागोत तेरा पोलिसांनी पहाटे एका कृष्णवर्णीय कुटुंबाचे दार फोडले, आईबापांना मुलांदेखत नग्न उभे केले, घर उलथेपालथे केले आणि बापाला दहा तास डांबून आरोप न ठेवताच सोडले. या प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, पोलिसाने राज्याचा कायदा मोडून हे केले असले तरी १८७१ च्या कायद्याखाली त्याच्यावर दावा चालतो. हत्याराला पुन्हा धार आली.

ती सहा वर्षे टिकली. आणि वाचकहो, ती कोणी बोथट केली ते नीट ऐका, कारण आपल्या मित्रांवर विसंबून राहणाऱ्यांनी ऐकावे असेच ते आहे. सप्टेंबर १९६१ मध्ये मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे पंधरा ख्रिस्ती धर्मोपदेशक, त्यांत गोरे आणि काळे दोन्ही, बसस्थानकावरील गोऱ्यांसाठी राखलेल्या प्रतीक्षागृहात शिरले म्हणून पकडले गेले. त्यांना चार महिन्यांची कैद आणि दंड झाला. ती शिक्षा पुढे टिकली नाही, तेव्हा त्यांनी पोलिसांवर दावा लावला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पोलिसाने सद्भावनेने आणि कायदा वैध समजून अटक केली असेल तर तो बचाव त्याला मिळाला पाहिजे. १८७१ च्या कायद्यात अशा बचावाचा एक शब्दही नाही. आणि निर्णय लिहिणारे होते सरन्यायाधीश अर्ल वॉरेन. ज्यांनी १९५४ साली शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविला तेच! शत्रूने केलेला घाव दिसतो तरी. मित्राने सौजन्यापोटी केलेली ही चीर दिसली नाही, आणि पुढे ती वाढत गेली.

१९८२ साली न्यायालयाने सद्भावनेची अटही काढून टाकली. आता प्रश्न एकच उरला: मोडलेला हक्क त्या वेळी ‘स्पष्टपणे प्रस्थापित’ होता काय? म्हणजे हुबेहूब तशाच घटनेत पूर्वी एखाद्या न्यायालयाने पोलिसास दोषी धरले होते काय? धरले नसेल तर पोलीस सुटला. त्याच्या मनात दुष्टपणा असला तरी सुटला. २००९ साली आणखी एक सोय एकमताने झाली: हक्क मोडला की नाही हे न्यायालयाने ठरविलेच पाहिजे असे नाही, पूर्वनिर्णय नाही एवढे म्हणून दावा फेटाळावा. यातील गंमत धंद्यातल्या माणसाच्या तत्काळ ध्यानात येते. पूर्वनिर्णय नाही म्हणून दावा फेटाळावयाचा, आणि हक्काविषयी काहीच न ठरविल्यामुळे पुढच्या फिर्यादीसाठीही पूर्वनिर्णय निर्माण होऊ द्यावयाचा नाही. विहिरीत पाणी नाही म्हणून पोहरा सोडू द्यावयाचा नाही, आणि पोहरा सोडला नाही म्हणून पाणी नाही असे लिहून ठेवावयाचे.

याचे फळ काय निघाले, त्याची दोन उदाहरणे पुरेत. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे चोरीच्या संशयावरून पाठलाग झालेला एक माणूस हात वर करून बसला होता. त्याचे म्हणणे असे की, तशा स्थितीत पोलिसांनी त्याच्या अंगावर कुत्रा सोडला. शरण येऊन जमिनीवर आडव्या पडलेल्या माणसावर कुत्रा सोडणे बेकायदा, असा पूर्वनिर्णय होता. पण हा माणूस आडवा नव्हता, बसलेला होता! अपील न्यायालयाने दावा फेटाळला, आणि १५ जून २०२०ला, फ्लॉइडच्या मृत्यूनंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. दुसरे प्रकरण कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोचे. झडतीच्या वेळी पोलिसांनी सव्वादोन लाख डॉलरांहून अधिक किमतीची रोकड व नाणी खिशात घातली, असा दोघा व्यावसायिकांचा आरोप होता. अपील न्यायालय २०१९ साली म्हणाले, चोरी नीतीला धरून नाही हे पोलिसांना समजावयास हवे होते. तथापि झडतीत जप्त केलेली मालमत्ता चोरणे हे घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा भंग आहे, असे त्या वेळी स्पष्टपणे प्रस्थापित नव्हते. दावा बुडाला. पंचशीलातील दुसरे शील पाच वर्षांच्या पोरास पाठ असते. येथे ते स्पष्टपणे प्रस्थापित व्हावयाचे राहिले होते.

आता या प्रश्नावर तेथील दोन पक्ष काय करतात? आश्चर्य असे की, पोलिसांच्या या कवचावर अगदी दोन टोकांच्या न्यायमूर्तींनी टीका केली आहे. पुराणमतवाद्यांचे थॉमस म्हणतात, याला कायद्याच्या शब्दांत व इतिहासात आधार दिसत नाही. उदारमतवाद्यांच्या सोटोमायोर म्हणतात, यामुळे पोलिसास आधी गोळी झाडा आणि मग विचार करा अशी शिकवण मिळते. दोन टोके एकत्र येतात, असा प्रश्न अमेरिकेत आज विरळा. तरीही कवच जागच्या जागी आहे. कारण कायदेमंडळात प्रश्न पोलिसांचा राहत नाही, तो झेंड्याचा होतो. जून २०२० मध्ये रिपब्लिकन पक्षाचे कृष्णवर्णीय सिनेटर टिम स्कॉट यांनी विधेयक आणले. ते सौम्य आहे म्हणून डेमोक्रॅट सभासदांनी चर्चेसच येऊ दिले नाही. ५५ मते पडली, हवी होती ६०. मार्च २०२१ मध्ये डेमोक्रॅटांनी फ्लॉइडच्या नावाचे विधेयक प्रतिनिधीगृहात २२० विरुद्ध २१२ मतांनी संमत केले; त्यात हे कवच काढण्याची तरतूद होती. ते सिनेटमध्ये अडले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये वाटाघाटी मोडल्या. मोडण्याचे मुख्य कारण पुन्हा हेच कवच. दोघांनाही निवडणुकीसाठी घोषणा मिळाली. फ्लॉइडच्या नावाचा कायदा मात्र झाला नाही.

एकाच्या हाती ‘ब्लॅक लाइव्ज मॅटर’ची पाटी, दुसऱ्याच्या हाती ‘ब्लू लाइव्ज मॅटर’ची. पाटीशी प्रामाणिक किती, ते तपासून पाहू.

६ जानेवारी २०२१ रोजी पराभूत राष्ट्राध्यक्षाच्या अनुयायांनी संसदभवनावर हल्ला केला. सुमारे १४० पोलिसांना मारहाण झाली. पोलिसांच्या प्राणाची एवढी काळजी वाहणाऱ्या पक्षाच्या ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, अधिकारावर येताच पहिल्याच दिवशी, त्या हल्ल्यातील सुमारे १५०० जणांना माफी दिली. त्यांत पोलिसांवर हात टाकणारेही होते. दोनच दिवसांनी राजधानीतील दोन पोलिसांना माफी मिळाली. ते एका कृष्णवर्णीय तरुणाच्या मृत्यूच्या आणि तो दडपण्याच्या प्रकरणात दोषी ठरले होते. पोलिसास मारणाराही सुटला, माणसाच्या मृत्यूस कारण झालेला पोलीसही सुटला. यात पोलिसांवरचे प्रेम शोधूनही सापडणार नाही. सापडते ते एवढेच की, आपला तो सुटावा. केंद्राच्या पोलीस अंमलदारांच्या गैरवर्तनाची एक नोंदवही २०२३ अखेर सुरू झाली होती, म्हणजे एका खात्यातून हाकललेला दुसऱ्या खात्यात बिनबोभाट शिरू नये. जानेवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली.

तेव्हा दुसरा पक्ष आपला तारणहार, असे ज्यांना वाटेल त्यांनी शिकागोकडे पाहावे. २० ऑक्टोबर २०१४ रोजी तेथे एका गोऱ्या पोलिसाने सतरा वर्षांच्या लाक्वान मॅकडोनाल्डवर सोळा गोळ्या झाडल्या. मुलगा अंगावर आला, असे पोलिसांनी कागदोपत्री लिहिले. पोलिसांच्याच गाडीतील चित्रफितीत तो दूर चालत जाताना दिसत होता. ती चित्रफीत चारशे दिवस दडवून ठेवली गेली. त्या काळात महापौरांची निवडणूक झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचे राम इमॅन्युएल ७ एप्रिल २०१५ रोजी पुन्हा निवडून आले. आणि १५ एप्रिलला महापालिकेने, दावा दाखल होण्यापूर्वीच, कुटुंबास पन्नास लाख डॉलर मंजूर केले. नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यायालयाच्या हुकुमाने चित्रफीत बाहेर आली, आणि पोलिसावर खुनाचा आरोप ठेवला गेला तोही त्याच दिवशी. मिनियापोलिसचे महापौरही अनेक दशके याच पक्षाचे आहेत. अध्यक्ष बायडन यांनी आपल्या मुलास माफी देणार नाही असे जाहीर सांगितले होते. १ डिसेंबर २०२४ला ती दिली, आणि जाता जाता भावंडांनाही दिली. दोन्ही माफ्या मी एकाच तराजूत घालीत नाही. पंधराशेंचे वजन फार मोठे आहे. पण त्यानंतर कायद्यापुढे सर्व समान, हे शब्द उच्चारताना त्या पक्षाची जीभ अडखळली तर नवल नाही.

केंद्राने बेलगाम पोलीसखात्यावर दावा लावण्याची सोयही अशीच लंबकासारखी झुलते. १९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंगला पोलिसांनी बडविले, १९९२ साली ते निर्दोष सुटले, शहर पेटले, पन्नासांहून अधिक माणसे मेली. त्यानंतर १९९४ साली हा अधिकार कायद्याने मिळाला. तो वापरावयाचा तो ॲटर्नी जनरलने, आणि त्याला नेमतो राष्ट्राध्यक्ष. २०१८ साली एका ॲटर्नी जनरलने त्याला वेसण घातली. २०२१ साली दुसऱ्याने ती काढली. २०२५ साली मिनियापोलिस आणि लुईव्हिलचे दावे मागे घेतले, आणि इतर सहा खात्यांविषयीचे निष्कर्षही परत घेतले. लुईव्हिलमध्ये मार्च २०२० साली ब्रिओना टेलर या सव्वीस वर्षांच्या तरुणीस पोलिसांनी रात्री तिच्या घरात शिरून गोळ्या घातल्या होत्या. त्या रात्री पडद्याआडच्या खिडकीतून आंधळा गोळीबार करणाऱ्या एका पोलिसास ज्यूरीने दोषी धरले. त्याची गोळी कोणास लागली नव्हती. जुलै २०२५ मध्ये न्यायखात्याने, म्हणजे फिर्यादीनेच, त्याला एक दिवसाची शिक्षा द्यावी अशी विनंती केली. न्यायाधीशांनी तेहतीस महिने दिले. आणि या न्यायाधीशांची नेमणूक ट्रम्प यांनीच केलेली! खुर्चीवरचा माणूस पक्ष विसरू शकतो, हेही यावरून दिसते. मात्र प्रत्येक वेळी तसा माणूस लाभेल या भरवशावर कोणी आपल्या मुलाबाळांना बाहेर पाठवू नये.

आपल्याकडील वाचकास हा रोग अनोळखी वाटू नये. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारी अंमलदारावर खटला चालवावयाचा तर सरकारची पूर्वमंजुरी लागते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९७, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१८. मंजुरीची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याच्याच माणसाविरुद्ध ती चालवावयाची. या विषयावर स्वतंत्र लिहावे लागेल.

एक आक्षेप असा घेतात की, पोलिसाचे काम जोखमीचे, निमिषार्धात निर्णय घ्यावा लागतो. कवच काढले तर बिचाऱ्याचे घरदार विकले जाईल. जोखीम खरी आहे. अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत, हेही खरे. परंतु घरदाराची गोष्ट खरी नाही. जोआना श्वार्ट्झ या कायद्याच्या प्राध्यापिकेने २००६ ते २०११ या काळातील मोठ्या पोलीसखात्यांचे हिशेब तपासून २०१४ साली दाखविले की, पीडितांना मिळालेल्या रकमेपैकी पोलिसांनी स्वतःच्या खिशातून भरलेला भाग शेकडा ०.०२ होता. बाकी सारे शहराच्या तिजोरीतून, म्हणजे कर भरणाऱ्यांकडून. त्यांत मार खाणाराही आला. शिवाय झडतीत पैसे खिशात घालावयास निमिषार्ध लागत नाही, चांगला वेळ लागतो.

दुसरे टोक म्हणते, पोलीसच नकोत. २०२० साली ही घोषणा गाजली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिनियापोलिसच्या मतदारांपुढे पोलीसखाते बरखास्त करून नवे खाते उभारण्याचा प्रस्ताव आला, आणि त्यांनी तो फेटाळला. योग्य केले. श्रीमंत पहारेकरी ठेवतो. गरिबास चौकीच गाठावी लागते. त्या चौकीस जाब विचारता यावा, एवढेच त्याचे मागणे असते.

आणि ते अशक्य नाही. कोलोरॅडो राज्याने जून २०२० मध्ये दोन्ही पक्षांच्या मतांनी कायदा केला की, राज्याच्या घटनेने दिलेला हक्क पोलिसाने मोडला तर त्याच्यावर राज्याच्या न्यायालयात दावा चालेल आणि हे कवच त्याला मिळणार नाही. त्याने सद्भावना सोडून कृत्य केले असे ठरले तर रकमेचा शेकडा ५ भाग किंवा २५,००० डॉलर, यांत जे कमी असेल ते त्याने स्वतः भरावे. न्यू मेक्सिकोने २०२१ साली सरकारी संस्थांविरुद्ध तसाच हक्क दिला. मिनियापोलिसमध्येही केंद्राने हात झटकले तरी मिनेसोटा राज्याच्या मानवी हक्क खात्याने २०२३ साली शहराकडून करून घेतलेला न्यायालयीन करार त्यामुळे रद्द झाला नाही. ज्या घरास एकच दार असते, त्याची कडी दुसऱ्याने बाहेरून लावली की माणूस कोंडला जातो. या राज्यांनी दुसरे दार पाडले.

आता १८७१ च्या हत्याराविषयी राहिलेली एक गोष्ट. १९०९ साली फौजदारी कलमात एक शब्द वाढला, हे आपण पाहिले. दिवाणी कलमाचे उलट झाले आहे. अलेक्झांडर राइनर्ट या प्राध्यापकाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवून दिले की, १८७१ साली काँग्रेसने संमत केलेल्या मूळ कलमात इंग्रजीतील सोळा शब्द असे होते की, ते १८७४ साली सर्व कायदे एका संहितेत गोवताना संहिताकाराने गाळले, आणि ते का गाळले याचा खुलासा कोठे नाही. त्या शब्दांचा आशय असा: राज्याचा कायदा, वटहुकूम, नियम, रूढी वा वहिवाट याविरुद्ध काहीही असले, तरीही अंमलदार जबाबदार राहील. रूढी आणि वहिवाट! महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आम्ही पिऊ नये म्हणून जे दावे लावले गेले, त्यांत वादींचा सारा आधार याच दोन शब्दांवर होता, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात तो टिकला नाही. अमेरिकेच्या काँग्रेसने १८७१ सालीच रूढीचा बचाव कायद्याने बंद केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ पासून उभारलेले कवच मात्र जुन्या न्यायालयीन वहिवाटीवर, म्हणजे मूळ कलमाने बाजूस सारलेल्या गोष्टीवरच उभे आहे.

मार्च २०२३ मध्ये हा मुद्दा एका निर्णयपत्रात आला. टेक्सासच्या एका तुरुंगात डुकरांच्या गोठ्याचे छत डोक्यावर कोसळून जखमी झालेल्या कैद्याने तुरुंगाच्या अधिकाऱ्यांवर दावा लावला होता. ट्रम्प यांनीच नेमलेले न्यायमूर्ती डॉन विलेट यांनी आपल्या स्वतंत्र मतात या गाळलेल्या शब्दांची दखल घेतली, आणि पन्नासांहून अधिक वर्षांच्या निर्णयांखालचा पायाच चुकीच्या मजकुरावर उभा दिसतो, अशा आशयाचे लिहिले. परंतु खालच्या न्यायालयास वरच्याचा निर्णय बंधनकारक असतो. म्हणून त्यांनीही आपले मत अधिकाऱ्यांच्या बाजूने दिले, आणि कैद्याचा दावा फेटाळला गेला.